कडुनिंबावरचा पेशंट

मेश्राम सिस्टर बोलायला लागल्या की आधी समोरच्याचं मनगट धरत. यात जिव्हाळा वगैरे काही नव्हता. म्हणजे होता, पण तो पुढं कळायचा. नागपूरला धंतोलीतल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं, शेवटी तिथल्या हेड सिस्टर झाल्या आणि निवृत्त होताना सगळं तिथंच सोडून आल्या. नाडीवर तीन बोटं ठेवायची सवय तेवढी घरी घेऊन आल्या. आम्ही शहराच्या कडेला बेसाला राहायला गेलो त्या दिवशी ट्रकमधून सामान उतरत होतं आणि कपाट कसं वळवायचं यावरून मी हमालांशी हुज्जत घालत होतो. शेजारच्या फाटकातून एक उंच, हडकुळ्या बाई आल्या. सुती साडी, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. त्यांनी सरळ माझं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, खाली बसा. कपाट कुठं पळून नाही जाऊन राहिलं." मग मला पाणी दिलं, हमालांना पाणी दिलं, त्यांचीही नाडी पाहिली. हमालांची बरी निघाली.

त्यांचं नाव शकुंतला आहे हे मला फार उशिरा, त्यांच्या घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेवरून कळलं. आमच्या लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या अख्ख्या वस्तीला, त्या सिस्टर होत्या. खुद्द मेश्राम काकाही बायकोला सिस्टरच म्हणत. काका वीज खात्यात लाइनमन होते. तरुणपणी खांबावरून पडून पाय मोडून घेतला आणि नेमके सिस्टरांच्या वॉर्डात दाखल झाले. पायाचं प्लास्टर निघायच्या आत लग्न ठरलं. "पेशंट म्हणून आले होते," सिस्टर सांगत, "अजून डिस्चार्ज नाही दिला." हे ऐकून काका हसत. त्यांच्या हसण्याला आवाज नसे, नुसतं पोट हलायचं.

आमच्या लेआउटमध्ये घर बांधून झालं की पहिलं काम म्हणजे अंगणात टाइल्स बसवणं. मीही बसवल्या. गाडी उभी राहते, पाइप लावला की लख्ख, कटकट नाही. सिस्टरांचा प्लॉट कोपऱ्यावरचा, आणि तिथं मात्र मातीच होती. मधोमध कडुनिंब, भिंतीला धरून शेवगा, नळापाशी लिंबू आणि कढीपत्ता, बाकी जे आपणहून उगवेल ते. फेब्रुवारीत कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की निम्मी पानं वाऱ्यानं आमच्या टाइल्सवर येत आणि मी कुरकुरत झाडू घेई. कुंपणापलीकडून आवाज येई, "भाऊ, तो कचरा नाही. खालच्या पेशंटचा बिछाना आहे. परत द्या." मग मी ती पानं गोळा करून कुंपणावरून परत देत असे. दुसऱ्या दिवशी तीच पानं पुन्हा आमच्याकडे.

कारण ते अंगण म्हणजे सिस्टरांचा वॉर्ड होता. वसंत लागला, शेवगा फुलला, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली की त्या म्हणत, "वॉर्ड फुल्ल झाला." पुस्तकातून शिकलेलं काही नव्हतं. पक्ष्यांकडे, किड्यांकडे बघायची त्यांची रीत दवाखान्यातली होती आणि ती त्यांनी बदलली नाही. मला स्वतःला पक्ष्यांतले कावळा आणि चिमणी एवढे दोन कळायचे, तिसरा सगळा 'कोणीतरी'. त्यामुळे मला त्यांची पद्धत सोपी गेली. शिंपी पक्ष्याची मादी दोन पानं जोडून घरटं शिवत असली की ती 'टाके घालणारी'. दंगा करत घोळक्यानं येणारे सातभाई म्हणजे 'पेशंटचे नातेवाईक'. त्यांच्याकडे बघून सिस्टर कपाळाला हात लावत आणि म्हणत, "एकाजवळ एकानंच थांबा नं, बाकीचे बाहेर." शेवग्याच्या फुलांवर गुरगुरणारा काळा भुंगा त्यांना मोठ्या डॉक्टरांसारखा वाटे, कारण तो कोणाकडे न बघता राउंड घेऊन निघून जाई. आणि समोरच्या वडावर बसून दिवसभर टुक टुक करणारा तांबट. त्याची तर त्या रोज सकाळी नाडी मोजत. स्टुलावर बसून, घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन. "आज फास्ट आहे," त्या म्हणत. "ऊन वाढून राहिलं."

एकदा माझी बायको वैशाली फोडणीसाठी कढीपत्त्याच्या दोन काड्या मागायला गेली. एरवी सिस्टर मूठभर देत. त्या दिवशी झाडाजवळ उभं राहून त्यांनी दोन्ही हात आडवे केले.

"आज नाही देत वं."

"काहून?" वैशाली मूळची साताऱ्याची, पण बेसाला आल्यावर 'का'च्या जागी तिनं पहिला शब्द हाच उचलला.

"ॲडमिट आहेत." सिस्टरांनी एक पान उचलून दाखवलं. त्यावर चिमणीनं घाण केल्यासारखं काहीतरी पडलं होतं. मग ते हललं. फुलपाखराची अळी होती. अशा पुष्कळ होत्या आणि त्यांनी अर्धं झाड खाऊन टाकलं होतं. वैशालीनं त्या दिवशी फोडणी नुसत्या मोहरीची दिली आणि मी जेवताना तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली, "पेशंटच्या तोंडचा घास काढू का?" म्हणजे तिलाही लागण झालीच होती.

दुसरी गोष्ट कुलपाची. एका मार्चमध्ये कुंभारीण माशीनं त्यांच्या फाटकाच्या कुलपात चिखल भरून घर केलं. ही माशी चिमूटभर ओली माती आणते, भोक लिंपते, आत अंडं घालते आणि त्याच्या जेवणाची सोय म्हणून अळ्या कोंबून ठेवते. काका सकाळी किल्ली घेऊन गेले तर किल्ली शिरेना. ते खिळा शोधायला लागले. सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. त्या शांतपणे आल्या आणि काकांच्या हातातला खिळा काढून घेतला.

"लेबर रूम आहे ते."

"अवं पण फाटक उघडं राहीन. चोर आला तं?"

"चोर आला तं त्याले सांगीन मी. हळू जा म्हणून."

फाटक नुसतं दोरीनं बांधलेलं राहिलं. चोर आला नाही. एके दिवशी कुलपाच्या भोकातून एक ओली, नवी कोरी माशी बाहेर पडली, पंख वाळवत बसली आणि उडून गेली. काकांनी त्या दिवशी कुलपात तेल सोडलं आणि गल्लीत आम्हा चार-पाच घरांत जिलेबी वाटली. का वाटली असं विचारायची कोणाची छाती नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या सगळ्या वर्षांत सिस्टरांना एकच पक्षी हवा होता आणि तो त्यांच्या अंगणात कधी आला नव्हता. दूधराज. पुस्तकात त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात, पण आमच्याकडे हिंदीतलं नाव चालतं. नर पांढराशुभ्र, डोकं काळंभोर, त्यावर तुरा, आणि शेपटीला हातभर लांब दोन पांढऱ्या रिबिनी. सिस्टर रामटेककडच्या. लहानपणी वडिलांबरोबर तिथल्या तळ्याकाठच्या आंब्यांमधून चालताना तो त्यांना एकदा दिसला होता. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेतलं, बोट दाखवलं, आणि तो एका झाडातून दुसऱ्या झाडात गेला. "आवाज नाही केला काही," त्या सांगत. "नुसता गेला. बाबा म्हणाले, पाहिला का? मी म्हटलं, पाहिला. पण मी बाबाइच्या बोटाकडंच पाहून राहिली होती. अर्धाच दिसला." त्या अर्ध्या पक्ष्याचं उरलेलं अर्धं बघायचं राहिलं होतं. दर वसंतात त्या म्हणत, "यंदा येईल."

आणि त्याच सुमाराला त्यांचे डोळे जायला लागले होते.

हे आम्हाला कळलंच नाही. काकांना माहीत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डावा आता आणखी लांबवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांची मुलगी सुजाता भोपाळला असते. ती फोनवर रोज आईची कानउघाडणी करायची. सिस्टरांकडे प्रत्येक ऋतूचं उत्तर तयार होतं. पावसाळ्यात इन्फेक्शन होते. थंडीत लग्नसराई असते. आणि वसंतात काय, वॉर्ड फुल्ल आहे, मी रजेवर कशी जाऊ? आम्हाला शंका यायचं कारण नव्हतं, कारण कोणताही पक्षी आला की त्या लांबूनच नाव सांगत. त्या आवाजावर सांगत होत्या हे कोणाच्या लक्षात आलं नाही. वैशाली कधी कधी म्हणायची, सिस्टर हल्ली सुई ओवून मागतात. मी म्हणायचो, वय झालं.

त्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी काका कुंपणापाशी आले. चेहरा उतरलेला. "सिस्टर बोलावून राहिली," म्हणाले. "चप्पल काढून ये. बोलू नको."

सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. बोट ओठांवर, दुसऱ्या हातानं वर खूण. डोळ्यांत पाणी. मी वर पाहिलं. कडुनिंबाची जुनी पानं झडून गेली होती आणि डाव्या फांदीच्या टोकाला एक पतंग अडकला होता. संक्रांतीचा, पन्नीचा, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा. वर काळा पट्टा, खाली पांढरा, आणि कोणा पोरानं हौसेनं त्याला दोन लांब पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी लावली होती. दोन महिने तो पानांआड होता. आता पानगळीनं उघडा पडला होता आणि वाऱ्यावर त्याच्या पट्ट्या हलत होत्या.

"पाहिला?" सिस्टर कुजबुजल्या. त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती.

मी काकांकडे पाहिलं. काकांनी हात जोडले. अगदी छातीशी, कोणाला दिसू नये असे.

"पाहिला," मी म्हणालो.

पुढचे दिवस आमची गल्ली एका पतंगासाठी गप्प होती. सिस्टरांनी घरोघर जाऊन सांगितलं, पेशंट नवीन आहे, बुजरा आहे. भाजीवाल्यानं भोंगा कोपऱ्यावरच बंद करायचा. गाड्यांचे हॉर्न नाहीत. धुळवड आली तेव्हा मुलांनी स्पीकर भाड्यानं आणला होता, तो परत गेला, आणि त्या वर्षी आम्ही एकमेकांना कुजबुजत रंग लावला. बघायला येणाऱ्याला वेळ ठरलेली होती, एका वेळी एकच, अत्तर लावून यायचं नाही. लोक रांगेनं येत, पतंगाकडे बघत आणि मान डोलवून जात. सगळ्यांना दिसत होतं. कोणी बोललं नाही. या बाईनं कोणाच्या आईला सलाइन लावलं होतं, कोणाच्या वडिलांच्या जखमेचं ड्रेसिंग महिनाभर केलं होतं, आणि कोणाकडून चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. तिला कोण सांगणार? आणि सांगितलं नाही तर ती डोळे दाखवणार नाही, हेही सगळ्यांना समजत होतं. काका तर वाळायला लागले. "सांगू तं मरते," ते मला म्हणाले, "नाही सांगू तं आंधळी होते. तूच सांग गा, मी काय करू?"

मग रामटेकहून निरोप आला. सिस्टरांच्या भावाच्या नातवाचं नामकरण होतं, जाणं भाग होतं. पेशंटला सोडून जायचं म्हणजे मोठा प्रश्न. सिस्टरांनी आम्हाला अंगणात उभं केलं आणि ड्यूटी लावली. सकाळी काका, दुपारी वैशाली, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी. दवाखान्यात पाळी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची हकिकत सांगते तशी त्यांनी आम्हाला सांगितली. "पेशंट डाव्या फांदीवर आहे. हालचाल कमी. वारा सुटला की शेपटी हलवते. खाताना मी पाहिलं नाही, ते तुम्ही पाहा. आल्यावर मले सारं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर परत आल्या. हातपाय न धुता स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

वैशाली हुशार. ती म्हणाली, दुपारभर झोपला होता. मी म्हणालो, मी येईपर्यंत अंधार पडला, नीट दिसलं नाही. आयुष्यभर सरकारी खात्याशी पत्रव्यवहार केला आहे, असं उत्तर मला जमतं. राहिले काका. काकांना खोटं बोलायची सवय नाही, आणि सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला कुठं थांबावं ते कळत नाही.

"सकाळीच उडाला," काका म्हणाले. "लिंबूच्या झाडावर गेला. माश्या खाल्ल्या. नळापाशी पाणी पेला. मंग वापस येऊन बसला. मंग गाणं म्हटलं."

"कोणतं?"

काकांनी खूप विचार केला. "भजनासारखं."

"बसताना शेपटी कोणीकडून घेतली?"

"उजवीकडून."

"उजवीकडं फांदी आहे. अडकली असती."

सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांच्या नोकरीत त्यांनी एकच गुन्हा कधी माफ केला नव्हता. पेशंटला न बघता चार्ट भरणं. एका नव्या मुलीनं ताप न बघताच आकडा लिहिला होता, तिला त्यांनी आठवडाभर वॉर्डातली सगळी भांडी धुवायला लावली होती, हे आम्ही अनेकदा ऐकलं होतं.

"तुम्ही चार्ट भरला," सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "पेशंट पाहिला नाही तुम्ही."

"पाहिला वं," काका म्हणाले. "रोज पाहून राहिलो. पतंग हाय तो, सिस्टर. संक्रांतीचा पतंग हाय."

सिस्टरांनी वर पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. समोर तांबटाचं टुक टुक चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "किती जणाइले माहीत आहे?"

"साऱ्याइले."

त्या आत गेल्या. दार लोटलं. काका स्टुलावर बसले, आणि एवढा आडदांड माणूस, खांबावरून पडूनही न रडलेला, रडला. वैशाली त्यांच्याकडे न बघता सिस्टरांच्या मागोमाग आत गेली. बऱ्याच वेळानं तिनं आम्हाला हाक मारली. सिस्टरांनी चहा केला होता. साखर घालायला विसरल्या होत्या, पण आम्ही तो पिऊन टाकला.

"मले भेव वाटते," सिस्टर म्हणाल्या. अगदी सरळ, कप खाली ठेवून. "साऱ्या जन्मात मी लोकाइले सांगत आली, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटते. मले काय माहीत कसं वाटते? मले कोणी टेबलावर झोपवलंच नाही कधी. आणि डोळे गेले तं? आवाजावर चाललं आहे माझं आता. पण जो बोलत नाही त्याले मी कशी पाहू?"

काकांनी त्यांचं मनगट धरलं. तीन बोटं ठेवली, बरोबर जागेवर. इतक्या वर्षांत बघून बघून शिकले असतील. "फास्ट हाय," म्हणाले.

सिस्टर हसल्या. "डॉक्टरले फोन लावा उद्या. आणि त्या पतंगाले कोणी हात नाही लावायचा. मले पाहायचं आहे, मी कायची सेवा करून राहिली होती."

ऑपरेशनच्या दिवशी मी काकांबरोबर होतो. इतकी वाईट पेशंट त्या दवाखान्यानं क्वचितच पाहिली असेल. डोळ्यात थेंब टाकायला आलेल्या पोरीला त्यांनी आधी हात धुतले का विचारलं, मग कसे धुतले ते करून दाखवायला लावलं. टेबलावर झोपल्यावर डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, काही होत नाही." सिस्टर म्हणाल्या, "हे मी म्हणत होती, मले नका सांगू." बाहेर आल्या तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि आत जाताना घट्ट धरलेल्या काकांच्या दंडावर त्यांच्या नखांचे वळ उठले होते. काका ते वळ चार दिवस सगळ्यांना दाखवत होते.

पट्टी निघाली. काळा चष्मा घालून सिस्टर अंगणात आल्या. गल्लीतली निम्मी माणसं काही ना काही निमित्तानं फाटकापाशी होती. त्यांनी वर पाहिलं. पतंग होताच, आणखी फाटलेला, पन्नी सुरकुतलेली, एक पट्टी गळून पडलेली. त्या बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. स्टुलावर बसून, पोट धरून त्या हसल्या. "मरून दोन महिने झालेला पेशंट," म्हणाल्या, "आणि मी स्टाफ लावून ठेवला." तेव्हा कुठं गल्ली हसली. भाजीवाल्यानं तर भोंगा तिथंच सुरू केला.

त्यानंतरचे काही दिवस मोठे मजेचे होते. सिस्टरांना सगळंच नवीन दिसायचं. जास्वंदीवर मध प्यायला येणारा शिंजीर त्या काळा समजत होत्या, तो जांभळा निघाला, म्हणून त्या मला झोपेतून उठवायला आल्या. कढीपत्त्यावरच्या अळ्यांना शिंगं असतात असा त्यांनी शोध लावला. सकाळी चहा पिताना काकांकडे बघून त्या एकदम थबकल्या आणि विचारलं, "तुम्ही एवढे म्हातारे केव्हा झाले?" काकांचं पोट बराच वेळ हलत होतं.

आणि गळालेली ती पट्टी सापडली. लिंबाच्या झाडात बुलबुलांनी घरटं बांधलं होतं आणि त्याच्या काठाला पांढरी पन्नी गुंडाळलेली, टोक बाहेर लोंबतं. सिस्टरांनी आम्हाला एकेकाला बोलावून दाखवलं. त्यात लालसर ठिपक्यांची अंडी होती. "अवयवदान झालं," त्या म्हणाल्या. "पेशंट वाया नाही गेला." पतंगाचा सांगाडा पुढं पावसात कधीतरी गळून पडला. दुसरा डोळाही त्यांनी थंडीत करून घेतला, कोणाला न सांगता. परत येऊन कळवलं.

पुढच्या मार्चमध्ये माझी पुण्याला बदली झाली. पुन्हा ट्रक, पुन्हा हमाल, पुन्हा तेच कपाट. वैशाली वैतागली होती, मी त्याहून जास्त. निघायच्या सकाळी सिस्टरांनी चहाला बोलावलं. पानगळ होऊन गेली होती, कडुनिंबाला नवी पालवी होती आणि तांबट रोजच्या कामाला लागला होता. काका आत पोहे करत होते. मी पायरीवर बसलो, सिस्टर स्टुलावर. त्यांनी माझं मनगट धरलं. मला सांगत होत्या की पुण्यात पाचव्या मजल्यावर जाताय तर निदान एक कुंडी ठेवा, पाणी ठेवा, कोणी ना कोणी ॲडमिट होतेच.

मी वर पाहिलं. त्याच डाव्या फांदीवर काहीतरी पांढरं होतं. दोन लांब पट्ट्या लोंबत होत्या.

माझी नजर धरून सिस्टरांनीही पाहिलं. आणि नाक मुरडलं.

"आला का वापस," त्या म्हणाल्या. "यंदा मी नाही फसत. मेश्राम, बांबू घेऊन या, पोट्ट्याइचा पतंग काढा बरं."

काका झारा हातात घेऊन दारात आले, वर पाहिलं, आणि झारा तसाच धरून उभे राहिले. वारा अजिबात नव्हता. तरी त्या पट्ट्या हलल्या. त्या पांढऱ्यानं मान वळवली, काळा तुरा उभा केला आणि आमच्याकडे पाहिलं. मग तो फांदीवरून सुटला, अंगणावरून, आमच्या डोक्यांवरून, लिंबाला वळसा घालून शेवग्यात गेला, आणि मागून त्याच्या रिबिनी गेल्या. आवाज नाही केला काही.

मेश्राम सिस्टरांची मला शेवटची आठवण आहे ती त्या सकाळची. अजून फोन येतो, आवाज ठणठणीत आहे, पण पाहिलं त्यानंतर नाही. मान वर, टोपी मागं घसरलेली, तोंड किंचित उघडं, आणि या खेपेला त्या कोणाच्या बोटाकडे बघत नव्हत्या. माझं मनगट त्यांच्या हातातच राहिलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझी नाडी कितीदा मोजली असेल, मला त्यांची कधी लागली नव्हती. आता लागत होती, तिन्ही बोटांतून, थडथड थडथड.

"सिस्टर," मी म्हणालो, "फास्ट आहे."

"असू द्या," सिस्टर म्हणाल्या. शेवग्यावरून नजर काढली नाही.